शर्यतीचे घाट व मैदाने (बैलगाडीची)

बैलगाडी शर्यतींसाठी गावोगाव राखलेल्या धावपट्ट्या. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात व लगतच्या अहिल्यानगर जिल्ह्यात या धावपट्टीला ‘घाट’, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या जिल्ह्यांत ‘मैदान’ आणि विदर्भात शंकरपटाची (तेथील बैलशर्यतीची) ‘दाण’ म्हणतात. रायगड जिल्ह्यात ओहोटीनंतर उघडी पडणारी समुद्राकाठची वाळूच शर्यतीला वापरली जाते. प्रस्तुत नोंदीत शर्यतीपेक्षा तिच्या जागेचा, त्या जागेभोवतीच्या लोकजीवनाचा आणि जतनाच्या प्रश्नाचा विचार केला आहे. बैलांच्या जातींसाठी पहा : खिल्लार.

रचना : घाट ही चढाची, सरळ आणि दोन्ही बाजूंनी बांध घातलेली पट्टी असते. मुरूम व माती टाकून, पाणी मारून आणि दाबून ती तयार करतात. खालच्या टोकाला जुंपणीची जागा असते आणि वरच्या टोकाला निशाण असते. दोन्ही अंगांच्या उतारांवर प्रेक्षक बसतात. चढ असल्याने निशाण ओलांडल्यावर बैलांचा वेग आपोआप मंदावतो. घाटासाठी टेकडीचा पायथा निवडण्यामागे हे एक व्यावहारिक कारण आहे. पुणे पद्धतीत गाड्याला बहुधा चार बैल असतात. पुढची जोडी जुकाटाला व मागची धुरेला जुंपतात आणि पुढे घोडीस्वार धावतो. एका वेळी एकच गाडा सुटतो. या धावेला ‘बारी’ म्हणतात व तिचा निकाल घड्याळावर लागतो. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते, त्यामुळे सेकंदाच्या शतांशाला महत्त्व येते. पूर्वी हाती घड्याळ धरून वेळ मोजत, आता इलेक्ट्रॉनिक घड्याळे आली आहेत. ‘फळीफोड’ आणि ‘घाटाचा राजा’ हे घाटावरचे मानाचे किताब आहेत.

मैदानाची रचना वेगळी असते. येथे सपाट माळावर शेजारीशेजारी चाकोऱ्या आखतात. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपलेले असतात, त्यावर गाडीवान असतो आणि अनेक गाड्या एकदम सुटतात. गट, उपांत्य व अंतिम अशा फेऱ्या होतात. ‘आदत’ (कायमचे दात न आलेले जनावर), ‘दुसा’ (दोन दाती), ‘चौसा’ (चार दाती) असे दातांवरून वयोगट पाडतात. एकट्या गाड्याची वेळ मोजायची असल्याने घाटाला एकच अरुंद पट्टी पुरते. मैदानाला मात्र रुंदी लागते, आणि थांबण्यासाठी अंतिम रेषेपुढे मोकळी जमीनही लागते. म्हणूनच वस्ती वाढू लागली की आधी मैदाने जातात.

विदर्भातील दाणीवर बहुधा दोन जोड्या शेजारून पळतात. गाडी हाकणाऱ्याला तेथे ‘धुरकरी’ म्हणतात.

जागेची मालकी : काही घाट गायरानावर, काही देवस्थानच्या जमिनीवर, तर काही खाजगी रानात आहेत. खाजगी रान पीक निघाल्यावर यात्रेपुरते मोकळे केले जाते. अशा जागेवर शर्यतीचा हक्क बहुधा रूढीने चालत येतो. सार्वजनिक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाच्या वापरासाठी परत द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. गायरानावरील घाटांना यातून मिळणारे संरक्षण अप्रत्यक्ष आहे.

इतिहास : शर्यतींच्या आरंभाविषयी एकमत नाही. त्या साडेतीनशे-चारशे वर्षांपासून चालत आल्याचे संघटना व आयोजक सांगतात. ग्रामदैवताच्या यात्रेशी त्यांचा संबंध मात्र सर्वत्र दिसतो. उत्तर पुण्यातील घाट खंडोबा, भैरवनाथ अशा दैवतांच्या यात्रांना जोडलेले आहेत. खेड तालुक्यातील निमगाव, आंबेगाव तालुक्यातील थापलिंग व लांडेवाडी आणि भोसरी येथील घाट प्रसिद्ध आहेत. थापलिंगची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. भोसरी, चिखली व चऱ्होली ही गावे आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. इमारतींच्या वेढ्यात घाट टिकवणे हा तेथील रहिवाशांपुढचा रोजचा प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतील शर्यतींना मोठा मान आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट विदर्भात सर्वपरिचित आहे.

सोलापूर जिल्हा : जिल्ह्याचे महत्त्व शर्यतीच्या जागांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शर्यतीच्या बैलांसाठी आहे. खिल्लार जातीचे मूळ क्षेत्र सोलापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात, विशेषतः माणदेशात आहे. सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार, पंढरपूरच्या कार्तिकी वारीतील बाजार आणि सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेला भरणारा बाजार येथे खोंडांची पारख व खरेदी-विक्री होत आली आहे. लगतच्या आटपाडी तालुक्यातील खरसुंडीचा बाजारही याच साखळीतला आहे. पुण्याच्या घाटावर किंवा साताऱ्याच्या मैदानावर नाव काढणाऱ्या अनेक बैलांची उपज या पट्ट्यातली असते. या बाजारांच्या जागा शर्यतींच्या मैदानांइतक्याच जपण्यासारख्या आहेत, कारण बाजार मोडला की मैदानाला बैल मिळत नाही.

सांगोला, मंगळवेढा, माळशिरस व माढा या तालुक्यांत गावयात्रांच्या निमित्ताने मैदाने भरतात.

बंदी व न्यायालयीन प्रवास : या विषयावरील लिखित सामग्रीचा सर्वांत मोठा भाग न्यायालयीन आहे. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढली. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम २२ खाली प्रदर्शन व खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत तिने बैलाचा समावेश केला. त्यापाठोपाठ महाराष्ट्र शासनाने शर्यतींना मनाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १२ मार्च २०१२ रोजी ती उचलून धरली.

७ मे २०१४ रोजी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा या प्रकरणात न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. बैलाची शरीररचना धावण्याच्या स्पर्धेसाठी नाही, अशी या निकालाची भूमिका होती. अनावश्यक वेदनेपासून मुक्तता हा प्राण्याचा हक्क असल्याचेही त्यात मांडले होते. शेपटी पिरगाळणे, टोचणी व खिळे वापरणे आणि मारहाण करणे या प्रकारांची नोंद न्यायालयापुढे आली होती. हे प्रकार घडत नव्हते, असे घाटांचा इतिहास लिहिणाऱ्याला म्हणता येणार नाही.

७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने काही अटींवर सवलत देणारी अधिसूचना काढली. १२ जानेवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने केंद्रीय कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली आणि तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास अंतरिम मनाई केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये संबंधित प्रकरणे घटनापीठाकडे सोपवण्यात आली. बैलांच्या धावण्याच्या क्षमतेविषयी राज्याने नेमलेल्या समितीचा अहवालही या वादात पुढे आला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त कायद्याच्या चौकटीत शर्यतींना अंतरिम मुभा दिली. १८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ, न्या. अजय रस्तोगी, न्या. अनिरुद्ध बोस, न्या. हृषिकेश रॉय व न्या. सी. टी. रविकुमार यांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. एखादी प्रथा सांस्कृतिक वारशाचा भाग आहे की नाही, याचा निर्णय विधिमंडळावर सोडणे न्यायालयाने पसंत केले.

राज्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब असू नये, एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवू नये आणि दोन धावांमध्ये विश्रांती द्यावी, असे बंधन आहे. सार्वजनिक रस्ता, खडकाळ किंवा दलदलीची जागा यांवर शर्यत घेता येत नाही. नियमांना धावपट्टी दिसते ती सुरक्षिततेच्या अंगाने. तिचे वय, तिचा गावाशी असलेला संबंध किंवा तिची नोंद यांचा विचार त्यांत नाही.

बंदीकाळातील जागा : अनेक घाटांवर झुडपे वाढली, बांध ढासळले आणि काही ठिकाणी शेती किंवा बांधकाम पुढे सरकले. जागेवरून उघड संघर्षही झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील झरे (ता. आटपाडी) येथे आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी असतानाही शर्यत जाहीर केली. प्रशासनाने संचारबंदी लागू केली व तयार केलेली धावपट्टी उकरली. समर्थकांनी रातोरात दुसरीकडे धावपट्टी आखली आणि २० ऑगस्टच्या पहाटे शर्यत उरकली. त्या कृतीविषयी मतभेद आहेत.

लोकजीवन : घाट तयार करणे हे गावाचे सामूहिक काम असते. यात्रा कमिटी वर्गणी जमवते, ट्रॅक्टर व मुरूम गावातूनच येतो, बांधावर माणसे श्रमदान करतात. गाड्यांचा क्रम टोकन काढून ठरतो. निवेदक गाडामालकाचे, गावाचे व बैलाचे नाव लयीत पुकारतो. कित्येक घाटांचा मागील पन्नास वर्षांचा इतिहास केवळ अशा निवेदकांना मुखोद्गत आहे. यात्रेच्या पत्रिका, टोकनांच्या वह्या, बक्षिसाच्या ढाली आणि गाडामालकांच्या ओसरीवरील छायाचित्रे हीच या खेळाची दप्तरे होत. ती आजही कोणत्याही संग्रहालयाबाहेर, घराघरांत विखुरलेली आहेत.

पूर्व विदर्भात शंकरपटाच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पटासाठी आलेले पाहुणेच नाटकाचे प्रेक्षक असतात. त्यामुळे पट बंद पडला की नाटक मंडळीच्या तारखाही घटतात. एका जागेवर किती व्यवसाय व कला उभ्या असतात, याचे हे ठळक उदाहरण आहे. छकडे बनवणारे सुतार, नाल मारणारे, दोर व झुली विकणारे आणि हॉटेलवाले यांचा हंगामही याच जागांवर अवलंबून असतो.

स्त्रियांचा सहभाग : तळेगाव दशासर येथे महिला धुरकऱ्यांचा स्वतंत्र पट होतो.

अलीकडील स्वरूप : २०२२ नंतर शर्यतींचे अर्थकारण बदलले. मे २०२२ मध्ये चिखली येथील शर्यतीत बक्षिसांत जेसीबी यंत्र, चारचाकी व दुचाक्या होत्या. समाजमाध्यमांवरील थेट प्रक्षेपणामुळे ‘बकासूर’सारखे बैल राज्यभर ओळखीचे झाले. मोठ्या बक्षिसांच्या शर्यती यात्रेच्या तिथीपासून सुटून नव्या, तात्पुरत्या मैदानांवर जाऊ लागल्या. त्यामुळे जुन्या गावघाटांचे महत्त्व कमी होण्याचा धोका आहे. शर्यतींमुळे देशी गोवंश टिकतो, हा आयोजकांचा दावा आहे. प्राणिमित्र संघटनांना तो मान्य नाही. ट्रॅक्टर आल्यापासून शेतीतील बैलाची गरज घटली आहे, याविषयी मात्र दुमत नाही.

जतन : कुस्तीच्या बाबतीत कोल्हापूरचे खासबाग मैदान हा चांगला दाखला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने बांधलेले व १९१२ मध्ये पूर्ण झालेले हे मैदान आजही वापरात आहे. त्याला दगडी बांधकाम, राजाश्रय व लेखी नोंदी लाभल्या. मातीच्या घाटाला यांपैकी काहीच नसते. दरवर्षी नव्याने मुरूम न पडल्यास दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा आकार हरवतो. म्हणून घाटाचे जतन म्हणजे त्याचा नियमित वापर आणि त्याची नोंद, ही दोन्ही एकत्र व्हावी लागतात. कर्नाटकच्या किनारपट्टीवरील कंबळ या रेड्यांच्या शर्यतीचे चिखलाचे मार्ग आणि इंडोनेशियातील मदुरा बेटावरील करापान सापी या बैलशर्यतीची मैदाने यांनाही हाच न्याय लागू पडतो. युनेस्कोच्या २००३ च्या करारात अमूर्त वारशाच्या व्याख्येत प्रथेशी निगडित ‘सांस्कृतिक जागां’चाही समावेश आहे. भारताने हा करार २००५ मध्ये स्वीकारला. या व्याख्येत गावचा घाट बसू शकतो.

प्रत्यक्ष काम गावपातळीवरच करता येण्याजोगे आहे. घाटाची जागा ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत व गाव नकाशावर दाखवावी, खाजगी जमीन असल्यास यात्रेपुरत्या वापराचा लेखी करार करावा, लांबी, रुंदी व चढ मोजून ठेवावा, जुन्या पत्रिका व टोकन वह्यांच्या प्रती सार्वजनिक वाचनालयात द्याव्यात आणि वृद्ध निवेदक, गाडामालक व सुतार यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. मारहाणीच्या व टोचणीच्या जुन्या पद्धती कशा होत्या व कितपत बंद झाल्या, हेही त्यात यावे, कारण वगळून लिहिलेला इतिहास पुढच्या वादात टिकत नाही. बंदीच्या काळात घाटांचा जो इतिहास लिहिला गेला, तो वकिलांनी लिहिला. उरलेला इतिहास गावांनी लिहायचा आहे, आणि तो सांगणारी पिढी आता सत्तरी ओलांडलेली आहे. ज्यांच्या घरी शर्यतीची एखादी जुनी पत्रिका किंवा छायाचित्र असेल, त्यांनी त्यावर गाव, साल व बैलांची नावे लिहून त्याची प्रत जवळच्या वाचनालयाकडे सोपवावी.