अण्णांचा डबा आणि साखरेची पुडी

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला नुकताच डायबेटिस निघालाय. "मावशी, आजोबांचा डबा तू आणि आजी भरायच्यात ना? मग मला पोळी-भाताशिवायचे पाच-सहा डबे सांग." मी सुचतील ते सांगितले. फोन ठेवल्यावर मात्र तो जुना डबा डोळ्यांपुढून हलेना. म्हणून आज लिहायला बसले. नातेवाईकांपैकी काहींना ही गोष्ट अर्धीच ठाऊक आहे.

साल १९६६. अण्णा फोर्टातल्या कचेरीत कारकून, आम्ही दादरला. दहाच्या सुमारास डबेवाला यायचा, मावळातला. (महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली हा उद्योग सुरू केला, तो पुढे मधुमेह्यांच्या किती उपयोगी पडला हे कोणी लिहिलेले मी वाचले नाही. घरचे, बेताचे अन्न दुपारी गरम हातात!) सकाळी अण्णा परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण पाच सी.सी. घेत, त्यात लघवीचे आठ थेंब टाकत आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळत. निळेच राहिले तर उत्तम. हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटेसारखे तांबडे. मग काचेची सिरिंज पातेलीत उकळून इन्शुलिन टोचून घेत. आई नळीचा रंग बघायची आणि मग डबा भरायला घ्यायची.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते : भात, बटाटा, साखर, गूळ बंद, पोळ्या तीन. अशी यादी करायची चाल फार जुनी. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बैठे आयुष्य, अति झोप, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही नावे घेतली आहेत आणि पथ्याला मुख्य अन्न दिले ते जव, जोडीला मूग आणि कडू भाज्या. जनावरांनी खाऊन शेणातून पडलेले जव वापरावेत असेही तिथे आहे, ते मी भाचीला सांगितले नाही! सुश्रुताने तर जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन प्रमेह वेगळे ओळखले. निर्धन रोग्याने शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असा त्याचा उपाय.

युरोपात १७९७ साली जॉन रोलो या सैनिकी डॉक्टराने कॅप्टन मेरेडिथ नावाच्या लठ्ठ रोग्याची हकीगत छापली. वनस्पतिजन्य अन्न जवळजवळ बंद, आणि जेवणाला रक्ताचे सांडगे म्हणावेत तसले पुडिंग, शिळे मांस, खवट चरबी. रोग्याला गुण आला. पुढे पॅरिसच्या बुशार्दाने पिठातला स्टार्च काढून ग्लुटेनचा पाव करवला. १८७० च्या वेढ्यात पॅरिस उपाशी राहू लागले तेव्हा आपल्या रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाल्याचे त्याच्या लक्षात आले.

यातूनच अमेरिकेत फ्रेडरिक अॅलनची उपासमारीची पद्धत निघाली. भाज्या तीनदा उकळायच्या, दर वेळी पाणी फेकून द्यायचे, म्हणजे उरलासुरला स्टार्चही जाईल. त्याच्या रुग्णालयातल्या बारा वर्षांच्या एका आंधळ्या मुलाच्या लघवीत साखर सापडत राहिली. तो कोंडलेला, मग खातो कुठून? शेवटी कळले, टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याचे दाणे. हे वाचले त्या दिवशी मला जेवण गेले नाही. अॅलनला दुष्ट म्हणू नये. त्याच्या हातात दुसरे काही नव्हतेच, आणि त्याच्यामुळे काही मुले इन्शुलिन येईपर्यंत तगली.

टोरोंटोत ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले, आणि पथ्याचा अर्थच बदलला. तोवर जितके कमी खाल तितके बरे होते. आता जितके टोचले तितके खायलाच हवे. ही साधी गोष्ट आमच्या घरात पोचायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

त्या आठवड्यात नळी चार दिवस तांबडी येत होती. डॉक्टरांनी इन्शुलिन थोडे वाढवले. आईने आपल्या बुद्धीने डब्यातल्या तीन पोळ्यांची एक केली आणि बाकीच्या पुडांत गवार, मटकीची उसळ, काकडी भरली. नवऱ्याच्या भल्यासाठीच ना! संध्याकाळी व्हीटी स्टेशनावर अण्णा घामाने थबथबले, असंबद्ध बोलू लागले आणि खाली बसले. "प्यायलाय" म्हणून लोक बाजूने जात होते. दारूबंदीचे दिवस. कचेरीतल्या एका शिपायाने त्यांना ओळखले आणि साखर ढवळून चहा पाजला, म्हणून ते घरी आले.

डॉक्टर आईला रागावले नाहीत. "औषध सकाळी पोटात गेले की ते डब्याची वाट बघत नाही, बाई," एवढेच म्हणाले. आई त्यानंतर कित्येक दिवस पोळ्या मोजताना पुटपुटायची. आणि वरच्या पुडात, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली साखरेची पुडी ठेवायची. भात बंद, गूळ बंद, आणि डब्यात साखर! आम्हा मुलांना हसू यायचे.

तर भाचीला सांगितलेले डबे : मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि मेथीची पचडी, पीठ कमी पेरून केलेली भोपळी मिरची आणि उकडलेली अंडी, दाण्याचे कूट घातलेली गवार आणि पनीरची भुर्जी, मटकीची उसळ वाटीभर, काकडीची कोशिंबीर, ताक. भाजीला अर्धा डबा द्यावा. तिने मध्येच विचारले, "मग नाचणीची भाकरी कितीही चालेल ना?" नाही गं. गहू, ज्वारी, नाचणी, सगळ्यांत शंभर ग्रॅमला सत्तरच्या आसपास पिष्टच. कोंड्यामुळे साखर जरा सावकाश चढेल, पण भाकरी मोजूनच. कुठले अन्न साखर किती भराभर चढवते हे मोजायची रीतही टोरोंटोतच निघाली, डेव्हिड जेन्किन्सने १९८१ साली मांडली.

मग मी तिला गोळ्यांची नावे विचारली. तिला सांगता येईनात. संध्याकाळी फोटो पाठवला : मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. नुसती मेटफॉर्मिन असती तर मी गप्प बसले असते. दुसरी गोळी मात्र जेवण असो नसो, शरीराला इन्शुलिन सोडायला लावते. म्हटले, पोळ्या काढायच्या आधी डॉक्टरांना फोन कर, गोळी कमी करायची का ते विचार, तोवर दोन पोळ्या राहू देत.

तिने विचारले. त्यांनी गोळी निम्मी केली आणि पंधरा दिवस सकाळ-दुपार साखर तपासून वहीत लिहायला सांगितले आहे.

डब्यासोबत पुडीऐवजी ती ग्लुकोजच्या गोळ्या देते. चालेल.