सत्तरचं वाटणारं, पण १९२२चं अक्षर

पोस्टर बनवायच्या ॲपमध्ये 'रेट्रो' असं शोधलंत की जाडजूड, गोल कडांची, गुबगुबीत इंग्रजी अक्षरं दिसतात ना? आपण लगेच म्हणतो, "वा, एकदम सत्तरचं दशक!" पण या घराण्यातला सगळ्यात गाजलेला फॉन्ट, कूपर ब्लॅक, आला १९२२ साली. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या लोकांसाठीसुद्धा तो आजोबांच्या काळातलाच होता.

तो काढला शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांनी. त्यांचा धंदा जाहिरातींची अक्षरं रेखाटण्याचा. तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने त्याचे खिळे ओतले. जाहिरातदारांना हवं होतं लांबून डोळ्यात भरणारं अक्षर. पण नुसतं जाड अक्षर अंगावर येतं. कूपरनी काय केलं, टोकं गोल केली, तळ सपाट ठेवलाच नाही आणि 'ओ'च्या पोटातली पोकळी किंचित मागे कलती केली. आवाज मोठा, पण सूर प्रेमळ! काही जाणकारांनी नाकं मुरडली, जाहिरातवाल्यांनी मात्र ते उचलून धरलं.

मग साठ-सत्तरच्या दशकात तंत्र बदललं. फोटोटाइपसेटिंग आलं, लेट्रासेटची घासून उमटवायची अक्षरं आली. शिशाच्या खिळ्याला स्वतःची चौकट असते, त्यामुळे दोन अक्षरं फार जवळ आणता येत नाहीत. आता ती चिकटवता येऊ लागली, आणि कूपर ब्लॅक तर एकमेकांना खेटूनच शोभतं. बीच बॉइजच्या १९६६च्या 'पेट साउंड्स' अल्बमचं कव्हर बघा. पुढे ते टी-शर्टवर इस्त्रीने चिकटलं, आणि १९९५ साली सुरू झालेल्या ईझीजेट या विमान कंपनीच्या नावातही दिसलं.

आपल्याकडे असं काही आहे का? आहे की! मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक'. हा कूपरची नक्कल नाही, पण देवनागरी इतकी फुगवलीय की अक्षरांच्या पोटात फक्त बारीक फटी उरतात. नाव अगदी शोभतं.

वापरताना एवढंच बघा. असं अक्षर दोन-तीन शब्दांसाठी, मोठ्या आकारात. नाटकाचं पोस्टर, वडापावच्या गाडीचा बोर्ड, पॉडकास्टचं कव्हर, सगळीकडे मस्त. परिच्छेदात वापरलंत तर पोकळ्या बुजतात आणि वाचणारा कंटाळतो.

आणि वाचताना? कर्जाच्या ॲपची जाहिरातही अशाच गोलमटोल अक्षरांत येऊ शकते. अक्षर आधी दोस्ती करतं, अटी खाली बारीक टाइपात असतात. शंभर वर्षांपूर्वी हे अक्षर विकायला मदत करण्यासाठीच जन्मलं होतं, आणि ते काम ते आजही चोख करतंय. म्हणून अक्षर आवडलं तरी खालचा बारीक टाइप वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!