कुबडी, काठी आणि पांगुळगाडा

मराठीत काठीला मान आहे, कुबडीला नाही. उतारवयात आधार देणाऱ्या मुलाला आपण ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या पाठिंब्यावर तगलेले सरकार मात्र ‘कुबड्यांवर’ उभे असते. लाकूड तेच, कामही तेच. तरी एकीला आशीर्वाद आणि दुसरीला टोमणा. हा भेद कुठून आला, हे मी गेली काही वर्षे शोधते आहे. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. मला चौदा वर्षांपासून आमवात आहे. डावा गुडघा आणि दोन्ही हातांची बोटे त्याने धरली आहेत, आणि आता काठीशिवाय घराचा उंबरठाही ओलांडता येत नाही.

मी राहते रायपूरजवळच्या सिलतऱ्यात. बिलासपूरच्या रस्त्यावरचे हे गाव आता स्पंज आयर्नच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. अंगणात सकाळी काळी धूळ असते आणि रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. नोकरीमुळे गोंदियाहून इथे आलो आणि इथेच राहिलो. मराठी माणसाला हा मुलुख तसा परका नाही. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरात बसून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. पुढे माधवराव सप्रे यांच्यासारख्या मराठी घरातल्या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि आयुष्याची अखेर रायपुरात केली. त्यामुळे इथे राहून मराठीतल्या काठीचा विचार करणे मला विचित्र वाटत नाही.

आधी दुखण्याच्या नावाबद्दल. ‘आमवात’ हा शब्द जुना आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले. हा ग्रंथ साधारण सातव्या-आठव्या शतकातला. युरोपात या रोगाला आजचे इंग्रजी नाव आल्फ्रेड गॅरड या डॉक्टराने १८५९ साली दिले. बायकांना तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. तरीही आपल्या इतिहासात काठी दिसते ती बहुतेक पुरुषांच्याच हातात. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंत पगडी, उपरणे आणि काठी हा प्रतिष्ठित माणसाचा थाट आहे. चांगले चालता येणारे लोकही काठी घेत. बाईच्या हातात ती आली की बाई एकदम गोष्टीतली म्हातारी होते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी ती म्हातारी मला आता फार जवळची वाटते. जाताना काठी टेकत गेली, येताना गडगडत आली. वाघ-कोल्ह्यांना तिने चकवले ते पायांच्या जोरावर नव्हे, साधनाच्या जोरावर.

कुबडीची गोष्ट आणखी वेगळी आहे. सज्जनगडावर समर्थ रामदासांची कुबडी दाखवतात. तिच्यात गुप्ती आहे. ही कुबडी लंगड्या माणसाची नव्हती. जपाला तासन्‌तास बसताना हात टेकायला साधक ती वापरत. म्हणजे मराठीत ‘कुबडी’ हा शब्द एके काळी साधनेच्या सामानातला होता. विसाव्याला आधार घेणे यात कमीपणा नव्हता. उलट त्या आधारामुळेच बैठक लांबत असे.

याच सज्जनगडाशी दुसरी एक घटना जोडलेली आहे. त्याचे जुने नाव परळी. १७०० सालच्या उन्हाळ्यात औरंगजेबाने सातारा आणि परळी हे दोन्ही किल्ले घेतले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस माण नदीकाठी खवासपूरला त्याची छावणी होती. रात्री पूर आला. एक्क्याऐंशी वर्षांचा बादशहा घाईने उठताना पडला आणि त्याचा गुडघा निखळला. उपचार झाले, पण पाय पूर्ण बरा झाला नाही; तो अखेरपर्यंत थोडा लंगडतच राहिला. दरबारी मंडळींनी त्याची समजूत घातली की हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा! गरीब माणूस लंगडला की तो पांगळा, बादशहा लंगडला की तो वारसा. एवढे मात्र खरे की त्या पायाने त्याची मोहीम थांबली नाही. पुढची पाच वर्षे तो किल्ल्यामागून किल्ला घेत फिरला, बराचसा पालखीत बसून. पालखीला कोणी कुबडी म्हटले नाही.

आपल्या काळाजवळच्या दोन काठ्या मला महत्त्वाच्या वाटतात. १९३० च्या दांडीयात्रेत साठ वर्षांच्या गांधीजींच्या हातात जी काठी होती, ती त्यांना साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी दिली होती. साडेतीनशेहून अधिक किलोमीटरच्या त्या चालीत ती शोभेची नव्हती. दुसरी काठी नागपूरची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धम्मदीक्षेसाठी व्यासपीठावर आले तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर. मधुमेहाने आणि पायांतल्या वेदनांनी शरीर पोखरले होते. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी ते गेले. समोर लाखोंचा समुदाय होता. त्या दिवशी त्यांनी काठी लपवली नाही आणि खांदाही नाकारला नाही. माणसांना स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकवणारा माणूस त्या क्षणी आधार घेऊन उभा होता, आणि यात कोणालाही विसंगती दिसली नाही. स्वावलंबन म्हणजे आधार न घेणे, असे आपण नंतर कधीतरी ठरवून टाकले असावे.

वरोड्याच्या बाबा आमट्यांचे उदाहरण तर थेट मणक्याच्या झिजेचे. त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. तरी १९८५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. तरुण सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे.

आता काठीच्या शास्त्राबद्दल थोडे, कारण ते माझ्या रोजच्या उपयोगाचे आहे. १९५६ सालीच अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले की काठी टाकून देऊ नका. त्यांचे म्हणणे साध्या तरफेवर उभे आहे. एका पायावर उभे राहिले की शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या स्नायूंना जोर लावावा लागतो, आणि त्यामुळे सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. काठी विरुद्ध हातात धरली तर थोड्याशा दाबानेही हा भार बराच उतरतो. म्हणून डावा पाय दुखत असेल तर काठी उजव्या हातात. उंची मनगटाच्या घडीइतकी, म्हणजे कोपर किंचित वाकलेले राहते. आमवातात बोटांची पकड दुखते, म्हणून मुठीवर जाड वेटाळा हवा. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे. खालचे रबरी टोपण आमच्या रस्त्यांवर लवकर झिजते. ते वेळेवर बदलले नाही तर काठीच घसरवते.

दुखणे वाढलेल्या दिवसांत मी वॉकर घेते. माझ्या मनाने सगळ्यात जास्त विरोध त्यालाच केला. चार पायांचा तो अॅल्युमिनियमचा सांगाडा मला दवाखान्याचा वाटे. मग त्याचे मराठी नाव सापडले आणि विरोध मावळला. आपल्याकडे मूल चालायला लागताना त्याच्या हातात लाकडी पांगुळगाडा देतात. घरातली सगळी माणसे तो खडखडाट कौतुकाने ऐकतात. पांगुळगाडा धरणाऱ्या मुलाला कोणी पांगळे म्हणत नाही. ते ‘चालायला लागले’ म्हणतात. चाकांचा आधुनिक वॉकर १९७८ साली स्वीडनच्या आइना विफाल्क यांनी तयार केला. त्यांना स्वतःला तरुणपणी पोलिओ झाला होता. गरज असलेल्या बाईनेच तो घडवला, हे कळल्यापासून त्याच्याशी माझे नाते आणखी सरळ झाले.

आपल्या देशात ही साधने दयेची वस्तू राहू नयेत यासाठी कामही झाले आहे. कानपूरचा सरकारी कृत्रिम अवयव कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला. २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना काठी, कुबडी, वॉकर मोफत देणारी वयोश्री योजना आहे. पण वस्तू मिळणे आणि ती घेऊन चारचौघांत बाहेर पडणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर कोणतीही योजना भरून काढत नाही. ते शब्दांनी आणि नजरांनी भरावे लागते.

त्या बाबतीत मी सुदैवी आहे, कारण मी छत्तीसगडात राहते. इथे श्रावणातल्या अमावास्येला हरेली असते. शेतीची अवजारे धुऊन पुजतात आणि पोरे बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. जमिनीपासून हातभर उंच, दोन बांबूंच्या भरवशावर. गल्लीतली मुले मला दाई म्हणतात. गेल्या हरेलीला त्यांच्यातल्या एकाने माझ्या काठीकडे पाहून विचारले, दाई, तुझी दुसरी गेडी कुठे आहे? मी म्हटले, मला एकीवर चालता येते. त्याला ते फार कौतुकाचे वाटले.