सहकाऱ्यांच्या आठवणीतले रामानुजम

रामानुजन हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे कुंभकोणमचे श्रीनिवास रामानुजन उभे राहतात. ते १९२० साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते रामानुजम निराळे. त्यांच्या नावाच्या अखेरीस 'न' नसून 'म' आहे. चक्रवर्ती पद्मनाभन रामानुजम यांचा जन्म मद्रास येथे ९ जानेवारी १९३८ रोजी झाला आणि मृत्यू बंगळूर येथे २७ ऑक्टोबर १९७४ रोजी. छत्तीस वर्षांचे हे आयुष्य. त्यातील ऐन उमेदीचा काळ आपल्या मुंबईत गेला, आणि तरीही मराठी वाचकांना हे नाव जवळजवळ अपरिचितच आहे.

या कथेच्या आरंभी एक धर्मगुरू आहेत. येशूसंघीय फादर चार्ल्स रासीन हे फ्रेंच गृहस्थ पॅरिसमध्ये एली कार्तां या थोर गणितज्ञांच्या हाताखाली शिकून भारतात आले आणि मद्रासच्या लोयोला कॉलेजात अनेक वर्षे अध्यापन करीत राहिले. त्या काळी आपल्याकडील गणिताचे शिक्षण केंब्रिजच्या जुन्या परीक्षापद्धतीत अडकलेले होते. फ्रान्समध्ये जे नवे गणित जन्माला येत होते, त्याची पुस्तके फादर आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती देत. रामानुजम १९५७ साली पदवी परीक्षेत द्वितीय वर्गात उत्तीर्ण झाले. गुणपत्रिकेवर भरवसा ठेवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाने त्यांना तेथेच बाजूस सारले असते. फादरांनी मात्र शिफारसपत्र लिहिले. या मुलाच्या बुद्धीत स्वतंत्रपणा आहे, जिज्ञासा आहे, संधी मिळाली तर तो चांगला संशोधक होईल, असा त्या पत्राचा आशय होता. आमच्याही संस्थांतून अशी पत्रे लिहिली जातात. पण गुणांच्या पलीकडे पाहून लिहिलेली किती, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो.

त्याच वर्षी रामानुजम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. ही संस्था तेव्हा कुलाब्याच्या आजच्या वास्तूत गेलेली नव्हती. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचा संसार होता. तेथे परदेशातील नामवंत गणितज्ञ येऊन व्याख्याने देत आणि तरुण सभासद त्यांची टिपणे काढून ग्रंथरूपात सिद्ध करीत. वरवर पाहता हे लेखनिकाचे काम, यिर्मया संदेष्ट्याच्या बारूखासारखे. परंतु या बारूखाची गोष्ट वेगळी होती. रशियाचे इगोर शाफारेविच यांच्या व्याख्यानांची टिपणे रामानुजम यांनी काढली, तेव्हा त्यांनी केवळ चुका दुरुस्त केल्या नाहीत. वक्त्याने नुसती उल्लेखून सोडलेली काही विधाने स्वतः सिद्ध करून त्यात घातली. शाफारेविच यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. अमेरिकेचे डेव्हिड ममफर्ड १९६७-६८ साली मुंबईत आले, त्या वेळच्या व्याख्यानांतूनही एक ग्रंथ उभा राहिला. त्याच्या १९७४ च्या आवृत्तीला रामानुजम यांचे परिशिष्ट जोडलेले आहे.

त्यांचे स्वतःचे काम काय होते? थोडा प्रयत्न करू. कोणतीही पूर्ण संख्या जास्तीत जास्त चार वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केले. सात म्हणजे चार अधिक एक, एक, एक. वर्गांच्या जागी घन घेतले, तर तेवीस या संख्येला नऊ घन लागतात: दोन वेळा आठ आणि सात वेळा एक. मग आपल्या नेहमीच्या संख्यांपेक्षा व्यापक अशा संख्याविश्वांत गेलो तर काय होईल? झीगेल या जर्मन गणितज्ञांचा कयास होता की, लागणाऱ्या घातांची मर्यादा आपण कोणते संख्याविश्व निवडले यावर अवलंबून असू नये. रामानुजम यांनी वयाच्या पंचविशीत, १९६३ साली, या कोड्याचा कळीचा भाग सोडविला. पुढे त्यांच्या प्रबंधाच्या परीक्षकांत खुद्द झीगेल होते, आणि ते फार प्रभावित झाले. मार्गदर्शक प्रा. के. जी. रामनाथन यांनी एक आठवण नमूद केली आहे. रामानुजम यांना बढती देण्यात आली तेव्हा, आपली तेवढी योग्यता नाही, असे म्हणून त्यांनी विरोध केला. अखेर त्यांची समजूत घालावी लागली.

ही केवळ विनयशीलता नव्हती. ममफर्ड यांनी लिहिले आहे की, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी असो वा सहकाऱ्याशी, रामानुजम सारख्याच उत्साहाने चर्चेला बसत. मात्र गणित सुंदर, स्वच्छ आणि सोपे असले पाहिजे ही त्यांची कसोटी इतकी कठोर होती की तिचा त्यांनाच त्रास होई.

त्यात आजार आला. १९६४ साली वैद्यांनी छिन्नमनस्कता आणि तीव्र नैराश्य असे निदान केले. त्यानंतरची दहा वर्षे येणे-जाणे आणि परतणे यांत गेली. चंदीगडला प्राध्यापकपद मिळाले, तेथे ते सुमारे आठ महिने राहिले. पॅरिसजवळच्या नामांकित संस्थेत गेले, मुदतीपूर्वी परतले. प्रत्येक वेळी मुंबईच्या संस्थेचे दार त्यांच्यासाठी उघडे राहिले. पुन्हा एकदा त्यांचा राजीनामा आला, तो संस्थेने मनावर घेतला नाही. बंगळूरला राहायचे म्हणाले, तर तेथील शाखा उपयोजित गणिताची असूनही त्यांच्यासाठी अपवाद करण्यात आला. आणि हे सर्व चालू असता, १९७१ साली, सपाट पटलाचे भूमितीय लक्षण सांगणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पटलासारखाच एका बिंदूत आकसू शकणारा, तरीही पटल नसलेला असा एक पृष्ठभाग त्यांनी त्यात दाखवून दिला. जगभरचे गणितज्ञ त्याला आजही रामानुजम पृष्ठभाग म्हणतात.

त्यांचा अंत त्यांच्याच हातून झाला. त्या संध्याकाळी ते एका परदेशी पाहुण्याशी रंगून चर्चा करीत होते.

अशा मृत्यूनंतर लोक काय करतात, हे आम्ही धर्मग्रामात पाहिले आहे. घरचे कुजबुजतात, आजाराला 'बाहेरची बाधा' म्हणतात, मृताचे नाव घेणेच थांबते. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायद्यात अशांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचे कलम होते. १९८३ च्या कायद्यात ते उरले नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने सांगितले की मनाचा गंभीर विकार माणसाची जबाबदारी कमी करतो. तरीही कुजबुज अजून थांबलेली नाही. रामानुजम यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली त्यांच्या स्मरणार्थ एक ग्रंथ काढला. त्यात त्यांचे निबंध आहेत, मित्रांचे गणित आहे, आणि रामनाथन यांच्या लेखात तो आजार आणि तो शेवटही सरळ शब्दांत आहे. लपविण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही. त्याच आजाराच्या जोरावर प्रतिभा फुलली, असा खोटा गौरवही त्यांनी केला नाही. इटलीत जेनोवा येथील गणित विभागातील एका दालनाला त्यांचे नाव दिलेले आहे.

शिफारसपत्र लिहिणारे फादर रासीन आपल्या विद्यार्थ्यानंतर दोन वर्षांनी, १९७६ साली, वारले. तो ग्रंथ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.