छायालेखनाची विद्या : कारखान्यातून शाळेत

मुळशी तालुक्यात उभे राहून चित्रपटाच्या छायालेखनाविषयी बोलावे, हे कोणास विसंगत वाटेल. परंतु छायालेखन हा उजेडाचा धंदा आहे, आणि उजेडाची किंमत या तालुक्याने चांगली मोजली आहे. १९२१ च्या रामनवमीला येथील मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. सत्याग्रह हरला, शेते पाण्याखाली गेली आणि त्या पाण्याची वीज मुंबईस गेली. शहरातले दिवे सर्वांनी पाहिले. कोणाचे शेत बुडाले हे थोड्यांनीच विचारले. पडद्यावरच्या उजेडाचा इतिहासही असाच आहे. म्हणून ही विद्या कोणी शिकली, कशी शिकली आणि शिकण्यापासून दूर कोण राहिले, एवढाच प्रश्न आम्ही आज घेतो.

दादासाहेब फाळके हे मूळचे छायाचित्रकार व मुद्रक. १९१२ साली ते लंडनला गेले, तेथील चित्रनिर्मिती डोळ्यांनी पाहिली आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढताना त्यांनी त्र्यंबक तेलंग यांस कॅमेरा चालविण्यास स्वतः शिकविले. या विद्येची आपल्याकडील पहिली शाळा ती हीच. एक गुरू, एक शिष्य आणि एक यंत्र. पण त्या घरात आणखी एक कामकरीण होती. सरस्वतीबाई फाळके रात्री फिल्मच्या पट्टीस भोके पाडीत, रसायने मिसळीत आणि दिवसा भर उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवीत. शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. या देशातील पहिली प्रकाश-कामगार आम्ही त्यांनाच मानतो.

कोल्हापुरास याहून नवलाची गोष्ट घडली. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे कारागिराच्या घरचे, नाटकाचे पडदे रंगविणारे. त्यांनी कॅमेरा घरीच बनवावयास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी दामले यांच्या मदतीने ते काम तडीस नेले, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही मंडळी हाताने काम करीत करीत शिकली. कोणापाशी प्रमाणपत्र नव्हते. याच मंडळींनी १९२९ साली सीताराम कुलकर्णी यांच्यासह 'प्रभात' काढली व १९३३ साली ती पुण्यास आणली. तेथला 'संत तुकाराम' (१९३६) व्ही. अवधूत यांनी छायालेखित केला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

या कारखानी शिक्षणाचे गोडवे गाताना त्याचा दोष मात्र झाकू नये. तेथे ओळखीवाचून प्रवेश कठीण आणि मालकाची मर्जी हाच अभ्यासक्रम. कंपनी बुडाली की विद्याही उघड्यावर पडे. १९५३ साली 'प्रभात' बंद झाली. १९६० साली केंद्र सरकारने त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट स्थापिली, आणि १९७४ साली तिला दूरचित्रवाणीची जोड मिळाली. मालकाच्या घरची विद्या सार्वजनिक झाली, हे आम्ही मोठे पाऊल समजतो. भिंगे, प्रकाशाचे मोजमाप, चौकटीची रचना, रंग हे सारे तेथे क्रमाने शिकविले जाऊ लागले. तेथून बाहेर पडलेल्या के. के. महाजन यांनी १९६९ साली 'भुवन शोम' आणि 'उसकी रोटी' हे दोन्ही चित्रपट टिपले, आणि हिंदी पडद्यावरचा उजेड बदलला.

आता पोटापाण्याचे पाहू. शाळेतून निघालेला मुलगा बहुधा प्रथम सहायक होतो. मग फोकस सांभाळतो, मग कॅमेरा चालवितो आणि बऱ्याच वर्षांनी छायालेखक म्हणून नाव लावतो. याखेरीज वृत्तवाहिन्या, माहितीपट, जाहिराती, लग्नकार्याचे चित्रण, चित्रावरचा रंगसंस्कार अशाही वाटा आहेत. फिल्मची जागा डिजिटल यंत्राने घेतली तेव्हा रसायनशाळांतले पुष्कळ हात रिकामे झाले. उलट, कॅमेरा गरिबाच्या आवाक्यात आला. यंत्र एका हाताचे काम काढते आणि दुसऱ्याला देते. ते आपल्या मुलांना मिळावे असे वाटत असेल, तर विद्येचा दरवाजा रुंद करावा लागेल. तेथील तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास पदवी लागते. २०१७ पासून लघुवर्गही निघाले, ही चांगली गोष्ट. परंतु दिवे उचलणारा, केबल ओढणारा, शिडीवर चढणारा लाइटमन प्रकाशाविषयी जे जाणतो, ते कोणत्या परीक्षेत धरले जाते? त्याने छायालेखक व्हावे, अशी शिडी कोणी उभी केली आहे?

१९८१ साली चित्रपट-कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि लेखी करार आवश्यक ठरला. पुढे २०२० च्या संहितेत तो सामावला. हे मागून मिळाले, आपोआप नव्हे. तरीही बारा बारा तासांच्या पाळ्या आणि तोंडी ठरलेला रोज यांची तक्रार आम्ही वारंवार ऐकतो.

या तालुक्यातल्या कित्येक घरांच्या जमिनी आता गेल्या आहेत. हिंजवडीकडे पाहिले म्हणजे पुरे. अशा घरच्या मुलास ही विद्या शिकावीशी वाटली तर त्यास हसू नका. पौडास संध्याकाळचा एखादा वर्ग काढा. प्रकाशाचे मोजमाप, विजेपासून संरक्षण आणि करार वाचण्याची रीत मराठीत शिकवा. त्यात लाइटमनला शिक्षक म्हणून बोलवा. वर्गणीची पहिली पावती आमच्या नावाने फाडा.