बोरघाटात तापलेली फियाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. त्याआधी जुन्या रस्त्याने बोरघाट चढणे ही गाडीच्या रेडिएटरची खरी परीक्षा असे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, १,०८९ सीसीची. माणसे-सामान भरून खालच्या गिअरमध्ये चढताना समोरचा वारा कमी पडे आणि तापमानाचा काटा वर सरके.

जाणता मेकॅनिक आधी फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाही. तो ढिला असला की पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावत. मग होज पाइप, मग जड पाण्याच्या क्षारांनी चोंदलेल्या रेडिएटरच्या नळ्या. थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची सर्रास युक्ती मात्र चुकीची. इंजिन नीट तापत नाही आणि लवकर झिजते.

जुनी पद्मिनी जपणाऱ्यांनो, कूलंट वापरा आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका.