हायबरीहून जुन्या मिलकडं

ऑगस्ट १९७९. सोलापुरातून निघताना तुम्ही पिशवीत एक चादर आणि शेंगाचटणीची पुडी टाकलीत, ते बरं केलंत. आत्ता तुम्ही उत्तर लंडनमधल्या हायबरीत, वेसेक्स स्टुडिओच्या भिंतीला पाठ लावून उभे आहात. पूर्वी हा चर्चचा हॉल होता. आता इथं एक माणूस खुर्च्या भिरकावतोय. घाबरू नका, तो निर्माता आहे. गाय स्टीव्हन्स. वादकांना चेव यावा म्हणून तो शिडीही फिरवतो, आणि कुणी त्याला अडवत नाही.

माइकपुढं पंक बँडचा गायक जो स्ट्रमर. त्याचे वडील लखनौत जन्मलेले आणि तो स्वतः अंकाराला. एका गावाचा असा तो कधी नव्हताच. हल्लीच एका रात्री स्टुडिओतून टॅक्सीनं घरी जाताना रेडिओवर बातमी लागली होती: स्पेनमध्ये पर्यटकांच्या ठिकाणी बास्क फुटीरतावाद्यांनी बॉम्ब ठेवलेत. ती ऐकताना त्याच्या डोक्यात चाळीस वर्षांपूर्वीच्या स्पेनमधल्या यादवीचे बॉम्ब फुटले. त्यातून झालं ‘स्पॅनिश बॉम्ब्स’.

तुम्ही ऐकायला लागता. पंक म्हणजे नुसता धिंगाणा, असं कुणी सांगितलं असेल तर इथं फसगत होते, कारण चाल गोड आहे. स्ट्रमर गातो आणि बँडमधला मिक जोन्स गळ्यात गळा घालून मागून येतो. शब्दांत १९७९ कुठं संपतं आणि १९३६ कुठं सुरू होतं ते कळत नाही. सुट्टीवर निघालेले पर्यटक, आणि त्याच रस्त्यावर कवी लोर्का, ज्याला ऑगस्ट १९३६मध्ये ग्रानाडाजवळ गोळ्या घातल्या. मधूनच स्ट्रमर मोडकंतोडकं स्पॅनिश गातो. जाणकार व्याकरणावर बोट ठेवतात. तुम्ही सोलापूरचे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एकाच चहाच्या टेबलावर ऐकत वाढलेले. परक्याच्या दुःखाबद्दल त्याच्याच भाषेत बोलायला गेलं की भाषा थोडी मोडणारच. मला तरी गाण्याचा तोच भाग सगळ्यात खरा वाटतो.

आता आणखी मागं चला.

१९३८. उत्तर स्पेनमध्ये बुर्गोसजवळचा सान पेद्रो दे कार्देन्या मठ. उन्हाळा असला तरी दगडी भिंती गार आहेत, चादर काढा. जुलै १९३६मध्ये सेनापतींनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं. बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूनं हिटलर आणि मुसोलिनी उतरले, सरकारच्या बाजूनं देशोदेशींचे स्वयंसेवक. हरलेल्या लढायांमध्ये हाती लागलेले शेकडो स्वयंसेवक या मठात कोंबलेत. उवा आहेत, उपासमार आहे, काठीनं बडवणारे पहारेकरी आहेत. तरीही कैदी वर्ग चालवतात, बुद्धिबळ खेळतात आणि हातानं लिहिलेलं वर्तमानपत्र काढतात.

त्यांच्यात एक ‘जॉन स्मिथ’ आहे. इंग्रज म्हणून तो फार पटत नाही. जवळ जाऊन मराठीत हाक मारा. हे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार, नागपूरचे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह! पत्रकारिता शिकायला लंडनला आले आणि नाव बदलून थेट या स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये गेले. एप्रिल १९३८मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले. संघाच्या इतिहासात आणि डाव्यांच्या इतिहासातही हा माणूस अवघडून उभा असतो. (सुटल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणजे अवघडलेपण दोन्हीकडं पोचलं.) शेंगाचटणीची पुडी त्यांच्या हातात ठेवा.

संध्याकाळी कैद्यांना रांगेत उभं करून फ्रँकोच्या नावाचा जयजयकार करायला लावतात. इंग्रज कैदी जीव तोडून ओरडतात. पहारेकरी खूश. तुम्ही कान देता, तर ते ‘फ्रँको’ म्हणतच नाहीयेत. उच्चारात जवळची एक सणसणीत इंग्रजी शिवी देतायत. पंकचा जन्म सत्तरच्या दशकातला असं पुस्तकं सांगतात. मला त्याचं एक मूळ या अंगणात दिसतं.

त्याच वर्षी, १ सप्टेंबर. मुंबई बंदर. ‘राजपुताना’ बोट चीनकडं निघतेय आणि काँग्रेसनं पाठवलेले पाच डॉक्टर तिच्यावर चढतायत. त्यांतला २७ वर्षांचा तुमच्या गावचा: द्वारकानाथ कोटणीस. त्याचं भैय्या चौकातलं घर तुम्ही आजही पाहू शकता. पथकप्रमुख डॉ. मदन अटल स्पेनच्या याच यादवीत जखमींवर उपचार करून आलेले. पुढं चीनमध्ये कोटणीस ज्या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यूनचं, म्हणजे स्पेनच्या आघाडीवर रक्ताच्या बाटल्या गाडीतून पोचवणाऱ्या कॅनडाच्या डॉक्टरचं. स्ट्रमरनं ज्या युद्धावर गाणं केलं, त्या युद्धातलं वैद्यकीय शहाणपण सोलापूरच्या पोराच्या हातात असं आलं. आणि बंदुकीच्या राज्याबद्दल त्याला कुणी वेगळं सांगायला नको होतं. मे १९३०मध्ये त्याच्या गावावर मार्शल लॉ लागला होता. त्याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ला येरवडा तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले होते.

एकच मुक्काम राहिला. चाळीसचं दशक, सोलापूर, जुन्या मिलकडची एक चाळ. भोंगा होऊन गेलाय आणि पोवाडा रंगात आलाय. दूरच्या लढाईवर गाणं रचायला आपल्याकडं गिटारची वाट पाहावी लागली नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी १९४३मध्ये न पाहिलेल्या स्टालिनग्राडवर पोवाडा केला. दुसऱ्या वर्षी त्यांनी, शाहीर गव्हाणकरांनी आणि आपल्या बार्शीच्या अमर शेखांनी लाल बावटा कलापथक काढलं.

विसाव्याच्या वेळी तुम्ही एका डफवाल्याला गाठता आणि मोबाइलवर ‘स्पॅनिश बॉम्ब्स’ लावून त्याच्या कानाशी धरता. मोबाइलचं त्याला काहीच वाटत नाही. बोटं मात्र आपोआप डफावर चालू लागतात.

“कुठल्या लढाईचं?”

“स्पेनच्या.”

“मागून झील कोण धरतंय?”

“मिक जोन्स म्हणून आहे एक.”

तो शेवटपर्यंत ऐकतो.

“गळा बरा आहे,” तो म्हणतो. “पण तीन मिनिटांत काय सांगून होतंय? लढाईचं कारणबी नीट सांगितलं न्हाई गड्यानं.” आणि डफ शेकायला जातो.